स्वमग्न तरुण, त्याचे काम आणि त्याचे गाव

स्वमग्न मुलांच्या बालपणाविषयी आता बरेच लिहिले-बोलले जाते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र बहुधा आईवडिलांच्या मनातच राहतो. शाळा संपते, उपचारांची सोय प्रामुख्याने लहानांसाठीच असते, आणि शरीराने सुदृढ असलेला तरुण घरात बसून राहतो. या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावाची हकीकत उपयोगी पडावी.

डोनल्ड ट्रिपलेट यांचा जन्म १९३३ साली या गावी झाला. लहानपणी हा मुलगा कोणाशी फारसा बोलत नसे. आकडे आणि फिरणाऱ्या वस्तू यांतच तो रमे. वैद्यकीय सल्ल्यावरून त्याला एका संस्थेत ठेवण्यात आले. परंतु सुमारे वर्षभरानंतर आईवडिलांनी त्याला परत आणले आणि १९३८ मध्ये बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना दाखविले. कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांविषयीचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यामुळे स्वमग्नता वैद्यकशास्त्रात स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. त्या निबंधातील पहिला मुलगा म्हणजे डोनल्ड होय.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९४२ च्या सुमारास डोनल्ड घरापासून दहाएक मैलांवर एका निपुत्रिक शेतकरी दांपत्याकडे राहू लागला. त्याला मोजमापाचे वेड होते. दांपत्याने ते वेड मोडून काढण्याचा खटाटोप केला नाही; त्याला विहीर खणावयास लावली आणि तिची खोली मोजून सांगण्याचे काम दिले. मक्याच्या ओळी तो पुन:पुन्हा मोजत बसे, तेव्हा त्याच ओळी नांगरता नांगरता मोज, असे त्याला सांगितले. कॅनर १९४५ मध्ये भेटीस गेले तेव्हा हा मुलगा घोडा आणि नांगर सफाईने हाताळीत होता. तेथील खेड्यातल्या शाळेनेही त्याच्या लकबी आहेत तशा स्वीकारल्या होत्या. त्या शेतकऱ्यांनी मानसशास्त्राचे पुस्तक उघडले असेल, असे वाटत नाही.

डोनल्ड १९५८ मध्ये पदवीधर झाले आणि गावच्या बँकेत नोकरीस लागले. मोटार चालविण्यास ते सत्ताविसाव्या वर्षी शिकले. ते गोल्फ खेळत, परदेशांचा प्रवास करीत. आईवडिलांच्या पश्चात आपल्याच घरी राहून ते २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी निवर्तले. शाळेच्या इमारतीच्या विटा त्यांनी एका नजरेत मोजल्या, अशी गावात आख्यायिका होती. पुढे त्यांनीच हसत सांगितले की, पोरांवर छाप पडावी म्हणून तो आकडा आपण ठोकून दिला होता!

ती बँक आजोळच्या कुटुंबाची होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. प्रत्येक स्वमग्न तरुणाला असे आजोळ लाभत नाही. प्रत्येकाला आकड्यांची देणगीही नसते. काही जण बोलत नाहीत, काहींना आयुष्यभर सोबत लागते. आजोळची ही जागा आपल्याकडे काही अंशी कायद्याने भरून काढावयाची आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने तो केला. शासकीय नोकऱ्यांतील किमान चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार इत्यादी गटांसाठी आहे. मात्र पद राखून ठेवल्याने काम संपत नाही. मुलाखतीत नजरेला नजर न देणारा उमेदवार उद्धट ठरतो, तोंडी सूचना अर्धवट कळलेला कर्मचारी कामचुकार ठरतो. तीच सूचना कागदावर क्रमवार लिहून दिली, टेबल रोज तेच ठेवले, तर बहुतेक अडचण दूर होते. याला खर्च तो किती?

पालकत्वाचाही असाच विचार व्हावा. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे येतो. पालकाची खरोखर गरज आहे काय आणि असल्यास कोणत्या प्रयोजनासाठी, हे समितीने पाहावे असे कायदा सांगतो. त्या तरुणाला समोर बसवून विचारल्याशिवाय, केवळ कागद पूर्ण आहेत म्हणून प्रकरण निकाली काढणे म्हणजे त्याच्या वतीने त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती देणे होय. स्वत:चा पगार स्वत: मोजणाऱ्या तरुणाला बँकेतल्या सहीपुरतीच मदत पुरेशी असू शकते.

पंचायतीच्या आवाक्यातले काम तर अगदी समोर आहे. पाणीपुरवठ्याच्या विहिरीची पातळी ठरल्या वारी मोजणे, रोपवाटिकेतील रोपांची नोंद ठेवणे, वाचनालयातील पुस्तके क्रमाने लावणे, ही कामे कंटाळवाणी म्हणून मागे पडतात. त्यांत आनंद मानणारा एखादा तरुण त्याच गावात, चार घरे पलीकडे, बसून असेल. त्याला योग्य मोबदला देऊन यांपैकी एक काम महिनाभर सोपवावे. पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी त्याच्यासोबत विहिरीपर्यंत जावे, आणि दोर कोठे धरावयाचा ते एकदा दाखवून बाजूला उभे राहावे.