धाकट्यांबरोबर घरी वाचू या



आपल्या वेंगुर्ल्यात घराघरांत मालवणी बोलतात. पुस्तक मात्र शाळेच्या मराठीत असते. आपण ‘घोडो’ म्हणतो, पुस्तकात ‘घोडा’ छापलेला असतो. आपण ‘खंय’ विचारतो, पुस्तक ‘कुठे’ विचारते. आपल्या सातवीच्या वर्गाला यात काही विशेष वाटत नाही. पण पहिलीत आलेल्या पोराला अक्षरे नवी आणि शब्दही नवे. मग ते गप्प बसते, आणि लोक म्हणतात पोर मठ्ठ आहे. मठ्ठ बिठ्ठ काही नसते. पुस्तकाची भाषा त्याच्या कानावरच पडलेली नसते.

ती कानावर पडावी म्हणून घरी वाचायचे. माझा धाकटा भाऊ अंगणवाडीत जातो. रात्री जेवणे झाली की आई त्याला मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक उघडते. दिवसभर काजूच्या कारखान्यात काम करून ती दमलेली असते, म्हणून दोनच पाने. वाचताना ती ओळीखालून बोट फिरवते. त्यामुळे ओळ डावीकडून उजवीकडे जाते, हे त्याला न शिकवताच कळले. चित्र पाहून तो ओरडतो, ‘कोलो!’ आई त्याला चुकलास म्हणत नाही. ती म्हणते, ‘होय रे, कोलोच तो. हंयसर कोल्हा लिवलेला आसा.’ मला हे फार आवडते. घरचा शब्दही राहतो आणि पुस्तकातलाही मिळतो.

त्याला रोज तीच गोष्ट हवी असते. मला कंटाळा येतो, पण त्यातच खरी गंमत आहे. चार-पाच दिवसांनी पुढचा शब्द आईच्या आधी तोच बोलतो. आईने मुद्दाम एखादा शब्द गाळला, तर लगेच पकडतो!

काहीजणी म्हणतात, आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय करणार? माझ्या आजीलाही येत नाही. ती चित्रावर बोट ठेवून विचारते, ‘कोलो खंय चल्लो? मगे काय झाला?’ मग भाऊ तिला सगळी गोष्ट सांगतो. पूर्वी तरी सगळ्यांना कुठे वाचता येत होते? श्रीधरस्वामींनी १७०२ साली ‘हरिविजय’ लिहिला. अशा पोथ्या एकाने वाचायच्या आणि घरादाराने ऐकायच्या. ऐकूनच त्यातल्या कथा लोकांना पाठ होत.

पुस्तके नसतील तर गुरुजींकडे मागा, शाळेची पुस्तके घरी नेता येतात. ‘किशोर’ मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केले. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मोबाइलचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. मंगेश पाडगावकर तर १९२९ साली आपल्या वेंगुर्ल्यातच जन्मले. त्यांच्या बालकविता मोठ्याने वाचल्या की ताल आपोआप धरला जातो.

फक्त वाचताना परीक्षा घेऊ नका. ‘हे अक्षर कुठले, सांग बघू’ असे दोनदा विचारले की भाऊ मांडीवरून उतरून पळतो.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बाबा संध्याकाळी घरी असतात. जाळे दुरुस्त करता करता ते ऐकतात, आणि कोल्ह्याची पाळी आली की कोल्ह्याचा आवाज काढतात. आईपेक्षा बाबांचा कोलो खरा वाटतो, असे भावाचे मत आहे.