पद्मिनी मोटारीच्या पुढील स्प्रिंगा

सोलापूरच्या जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट मोटार १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावाने व्यापारी कुटुंबांच्या दारी दीर्घकाळ उभी होती. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि बेला परिसरात, पैनगंगेकाठच्या कापसाच्या मुलखात, ज्या बंधूंनी वडिलार्जित पद्मिनी जतन केली असेल, त्यांच्यासाठी हे टिपण.

काळ्या जमिनीवरील रस्ता पावसात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो; त्याचे हिसके पुढील स्प्रिंगांस सोसावे लागतात. गाडी एका अंगास कललेली दिसली, तर प्रथम चाकांतील हवा सारखी करावी व सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजावे. (जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या मालकांनी हा खटाटोप करू नये, तिच्या पुढे गुंडाळीची स्प्रिंग नसून पीळ घेणारी पोलादी कांब असते.)

खरा धोका येथे आहे. गाडीचे वजन सुमारे ९०० किलो, म्हणजे पुढील प्रत्येक चाकावर सव्वादोनशे किलोंच्या आसपास भार. स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूस बसविलेली असल्याने तिच्यावरील दाब त्याहूनही अधिक. असा दाब अवचित सुटला, तर प्राणावर बेतते. म्हणून मागील चाकांस अटकाव घालून गाडीचा सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडवून, खालच्या भुजेस जॅकचा आधार द्यावा. स्प्रिंग दाबण्याच्या साधनाचे आकडे समोरासमोर अडकवून दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळावे. मगच भुजेचा जोड सोडून जॅक सावकाश उतरवावा. स्प्रिंगच्या समोर तोंड नेऊ नये. दोरीने वा तारेने स्प्रिंग बांधणाऱ्या कारागिराच्या हाती आम्ही तरी आमची गाडी देणार नाही.

एकच स्प्रिंग बदलून अर्धा खर्च वाचवावा, असा हिशेब कोणी मांडील. एक नवी व एक थकलेली, अशा जोडीने गाडी ब्रेक लावताना एकीकडे झुकते. तेव्हा जोडीच घ्यावी. गुंडाळीचे टोक बैठकीतील खाचेत नीट बसले पाहिजे. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच अखेरचे आवळावे. अधांतरी आवळल्यास रबर पिळलेले राहते व लवकर फाटते. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. शे-दोनशे किलोमीटर धावल्यावर स्प्रिंगा किंचित बसतात. तेव्हा तीच मापे पुन्हा घेऊन गाडीच्या वहीत तारखेसह नोंदवावी.