मद्याची ओढ आणि मूक केलेले जनुक

‘मनात आणले तर दारू सुटत नाही का?’ असे रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात. चिली देशातील सांतियागो येथे डॉ. येदी इस्राएल व सहकाऱ्यांनी केलेले संशोधन या संदर्भात उद्बोधक आहे.

मद्याचा काही अंश मेंदूतच कॅटालेज या विकरामुळे अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतरित होतो. मद्याची गोडी खरे तर या द्रव्यामुळे लागत असावी, असा त्यांचा तर्क होता. त्यासाठी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मद्यप्रिय म्हणून निपजवलेले उंदीर घेतले आणि मेंदूतील डोपामिनच्या उगमस्थानी, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत, कॅटालेजचे जनुक मूक करणारा आखूड आरएनए पोहोचवला. जनुक जागेवरच राहते. त्याचा निरोप नेणारा आरएनए मात्र वाटेतच नष्ट होतो. (या प्रक्रियेच्या शोधास २००६ चे नोबेल पारितोषिक लाभले.) २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पूर्वी मद्य न चाखलेल्या या उंदरांनी, पाणी व मद्य दोन्ही समोर असता, मद्य जवळजवळ वर्ज्यच केले.

आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो २०१२ चा प्रयोग. सुमारे दोन महिने मद्य पीत आलेल्या उंदरांवर हाच उपाय केला, तेव्हा त्यांचे नित्याचे पिणे घटले नाही. आरंभीची गोडी एक, मुरलेले व्यसन दुसरे.

मेंदूत विषाणू टोचण्याची ही रीत अभ्यासाची आहे, उपचाराची नव्हे. तथापि ‘सुरुवात त्यानेच केली ना?’ म्हणणाऱ्या कुटुंबीयांना आम्ही हा दुसरा प्रयोग अवश्य सांगतो.