कुत्र्याच्या हाडाचा कर्करोग : रक्त काय सांगते?

तासगाव भागातील द्राक्षबागेत, मळ्यात राखणीला कुत्रा असतोच. अल्सेशियन, डॉबरमन असे मोठ्या जातीचे कुत्रेही आता पुष्कळ ठिकाणी पाळले जातात. असा सात-आठ वर्षांचा कुत्रा लंगडू लागला, की 'पाय मुरगळला असेल' म्हणून तेल चोळले जाते. पण लंगडणे थांबत नसेल आणि पायावर कठीण सूज आली असेल, तर हाडाच्या कर्करोगाची शंका घ्यावी.

या रोगाचे नाव ऑस्टिओसार्कोमा. कुत्र्याच्या हाडातच उगम पावणाऱ्या गाठींपैकी सुमारे ८५ टक्के गाठी याच असतात. पुढच्या पायात मनगट किंवा खांद्याजवळ आणि मागच्या पायात गुडघ्याजवळ त्या बहुधा होतात. निदान एक्स-रे काढून व हाडाचा तुकडा तपासून होते. रक्तावरून होत नाही.

मग रक्त कशाला तपासायचे? पुढचा अंदाज घेण्यासाठी. हाड तयार करणाऱ्या पेशींत अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे एंझाइम असते. रोगट पेशी वाढल्या, की ते रक्तात जास्त उतरू शकते. उपचारापूर्वीच त्याचे प्रमाण वाढलेले असेल, तर असे कुत्रे सरासरीने कमी काळ जगतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात मोनोसाइट व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तुलनेने जास्त होत्या, त्या कुत्र्यांत उपचारानंतर रोग लवकर उलटला.

मात्र केवळ आकडा पाहून घाबरू नये. यकृताचा विकार, स्टेरॉइड, फिट्सवरील काही गोळ्या यांनीही हे एंझाइम वाढते. वाढत्या पिल्लात तर ते मुळातच जास्त असते. उलट, आकडा योग्य आला म्हणजे धोका टळला, असेही नाही.

मालकापुढे खरा प्रश्न असतो तो पाय काढण्याचा. निदान होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांत रोगाचे सूक्ष्म कण फुप्फुसात पोहोचलेले असतात. एक्स-रेत ते दिसत नाहीत. म्हणून नुसता पाय काढल्यास कुत्रा साधारण चार-पाच महिने जगतो. सोबत केमोथेरपी दिल्यास दहा ते बारा महिने. पाय काढल्याने वेदना मात्र थांबते, आणि तीन पायांवर बहुतेक कुत्रे चांगले चालतात. किती काळ मिळेल, खर्च किती झेपेल, याचा विचार करताना रक्ताचा अहवाल उपयोगी पडतो. निर्णय मात्र कुत्र्याचे एकूण आरोग्य पाहूनच घ्यावा.

ध्यानात ठेवावे :
१) सुजलेला पाय चोळू नये, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये. पोखरलेले हाड चटकन मोडते.
२) माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला घातक ठरतात.
३) प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. पुढील तपासणीसाठी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

मुका प्राणी दुखणे सांगू शकत नाही. त्याचे लंगडणे हेच त्याचे सांगणे समजावे.