रेपो घटला, माझं व्याज का नाही?

प्रश्न : आमचं गृहकर्ज २०१४ मधलं, बदलत्या व्याजदराचं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दर अनेकदा कमी केले, पण आमच्या व्याजात फारसा फरक नाही. असं का?

उत्तर : तुमचं कर्ज बहुधा अजून ‘बेस रेट’वर आहे. ही पद्धत जुलै २०१० मध्ये आली, एप्रिल २०१६ पासून नव्या कर्जांना ‘एमसीएलआर’ लागू झाला. दोन्ही दर बँक स्वतःच्या निधीखर्चावरून ठरवते. जुन्या ठेवींवर चढं व्याज द्यावं लागत असतं, म्हणून रेपोतली कपात तुमच्यापर्यंत उशिरा आणि अर्धवट पोहोचते.  १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या गृहकर्जांचा बदलता दर रेपोसारख्या बाह्य मानकाशी जोडलेला असतो आणि तो तीन महिन्यांतून किमान एकदा बदलावाच लागतो.

शाखेत लेखी अर्ज देऊन या पद्धतीत जा. थोडा प्रशासकीय खर्च लागू शकतो. सही करण्यापूर्वी रेपोवर बँक किती टक्के अधिभार लावते ते विचारा. खरी घासाघीस तिथेच करायची. बँक अडून बसली तर कर्ज दुसऱ्या बँकेत न्या. वैयक्तिक गृहकर्जावर, दर बदलता असेल तर, मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही.