वाद्याविना स्वरमेळ : एका शाळेचा धडा

वंदना असो वा भीमगीत, आपल्याकडे समूह बहुधा एकच चाल एका सुरात गातो. या एकसुरी गायनात बळ आहे, यात शंका नाही. समूहगायनाची आणखी एक रीत मात्र आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. तीत निरनिराळे गट एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात आणि त्यांतून स्वरमेळ, म्हणजेच हार्मनी, सिद्ध होते. वाद्यांची साथ न घेता असे गाणे म्हणजे ‘आ कापेला’ गायन. या रीतीचा विचार करताना एका शाळेचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. पुढच्याच वर्षी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी फिस्क ही शाळा निघाली. पुढे तिचे विद्यापीठ झाले. पैशाअभावी ती बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा तिचे खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांसह गायनाच्या दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मले होते. आपल्या पूर्वजांची गीते परक्यांपुढे गाण्यास त्यांचे मन प्रथम धजत नव्हते. ती त्यांना पवित्र होती आणि दास्याच्या आठवणींनी भरलेली होती. अखेर त्याच गीतांनी श्रोत्यांना जिंकले. १८७३ मध्ये हे ‘ज्युबिली सिंगर्स’ व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. त्यांनी मिळविलेल्या निधीतून उभा राहिलेला ‘ज्युबिली हॉल’ १८७६ मध्ये खुला झाला. ते विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले.

आता या गायनाची रीत पाहू. समूहाचे सामान्यतः चार भाग करतात : स्त्रियांचा उंच आवाज सोप्रानो व खालचा आल्टो, पुरुषांचा उंच आवाज टेनर व खालचा बेस. आरंभासाठी मात्र तीन गट पुरेत. पहिल्याने सा धरावा, दुसऱ्याने प आणि तिसऱ्याने शुद्ध ग. या सा, ग, प स्वरांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण ४ : ५ : ६ असे जुळले की मेळ स्थिर व भरदार वाटतो. पेटीचा ग या नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. म्हणून तो पेटीवर न शोधता सोबत्यांच्या आवाजात शोधावा. दीर्घ स्वरावर सर्वांनी एकदम श्वास घेऊ नये, आळीपाळीने घ्यावा. म्हणजे स्वर तुटत नाही. वाद्याचा आधार नसल्याने समूहाचा सूर नकळत उतरतो. यास्तव गीत संपताच मूळ षड्जाशी तो ताडून पाहावा.

नवशिक्याची खरी कसोटी शेजारच्या गटाचा स्वर कानी पडताना लागते. मन तिकडे ओढले जाते. कोणी शेजाऱ्याचा स्वर पकडतो, तर कोणी त्याला दडपण्यासाठी आवाज चढवितो. दोहोंनी मेळ मोडतो. ज्याला केवळ आपलाच आवाज ऐकू येतो त्याने तो कमी करावा, आणि सर्वांत मंद आवाजही सर्वांना ऐकू येईल इतपतच समूहाने गावे.

माजी विद्यार्थी व पालकांच्या पुढील मेळाव्यात, सर्वांना पाठ असलेल्या एखाद्या गीताच्या एकाच ओळीवर हा प्रयोग व्हावा, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी कोणतीही सामग्री लागत नाही. तीन गट, एक षड्ज आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरे.