चढाईला झुकते माप, मग पकडीचे काय?

प्रश्न : आमचा मुलगा शाळेच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळतो. टीव्हीवर प्रो कबड्डी पाहून त्याच्या मनाने घेतले आहे की नवे नियम सगळे रेडरच्या बाजूचे आहेत. बोनस त्याला, टाळ्या त्याला, मग पकड शिकून काय मिळणार? आता त्याला चढाईच करायची आहे. अमेरिकेत असलेला माझा भाचा सांगतो की तिकडच्या फुटबॉलमध्येही नियम असेच बदलत गेले आणि बचाव करणाऱ्यांचे हात बांधले गेले. नियम आक्रमणाकडे झुकले की बचाव खरोखर संपतो का?
– एक वाचक, पिशोर (ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुलाला डाव्या कोपऱ्यावरून हलवू नका. हे आधी सांगतो, कारणे मागून सांगतो.

त्याने जे पाहिले ते खोटे नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा खेळ टीव्हीच्या पडद्यावर बसवायचा होता. पडद्याला रिकामी चढाई चालत नाही. आपल्याकडच्या मैदानावर आघाडी मिळालेला संघ काय करायचा, हे तुम्ही पाहिलेलेच असेल. रेडर मध्यरेषा ओलांडायचा, निदान रेषा पार करायचा आणि हात हलवत परत. समोरचेही तसेच. शेवटची दहा मिनिटे अशीच जायची. यावर उपाय म्हणून तिसऱ्या चढाईचा नियम आला. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर रेडर बाद. मैदानावरची मुले याला ‘थर्ड रेड’ म्हणतात. जोडीला प्रत्येक चढाईला ३० सेकंदांचे घड्याळ लागले, आणि एकाच चढाईत तीन किंवा अधिक गुण आणणाऱ्याला ‘सुपर रेड’चा मान मिळू लागला. वरवर पाहता सगळा थाट चढाईचाच.

पण तिसऱ्या चढाईचा नियम कोपऱ्यावर उभे राहून वाचला तर तो वेगळा दिसतो. पूर्वी रेडर मनाला येईल तेव्हा आत शिरायचा, मनाला येईल तेव्हा मागे फिरायचा. बचाव करणाऱ्याला तो कधी खोल येईल हे ठाऊक नसायचे. आता ठाऊक असते. दोन चढाया रिकाम्या घालवल्या की तिसऱ्याला त्याला यावेच लागते, आणि तेही ३० सेकंदांच्या आत. म्हणून चांगला बचाव पहिल्या दोन चढायांत अंगावर जातच नाही. साखळी मागे ठेवतो, बोनस रेषेजवळ पाय टाकू देत नाही, रेडरला कंटाळवतो. तिसऱ्या चढाईला सगळे सात जण खोल उभे राहतात आणि घड्याळाला आपले काम करू देतात. विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला रेडर उडी घेतो, तेव्हा त्याचा पाय नेमका कोपऱ्याच्या हाताशी आलेला असतो. घोटा पकड लागते ती तिथे. जो नियम आक्रमणासाठी केला, त्यातूनच बचावाला रेडरची वेळ कळली. माझ्या मते कबड्डीतला गेल्या काही वर्षांतला सर्वांत चांगला नियम हाच, आणि तो चढाईपेक्षा पकडीला अधिक उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट मुलाच्या नजरेतून सुटली असावी. ज्या खेळाने रेडरला बळ दिले त्याने दुबळ्या पडलेल्या बाजूला आधारही ठेवला आहे. बोनस मिळायला समोर सहा किंवा सात गडी असावे लागतात. पाच झाले की बोनस बंद. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले आणि त्यांनी रेडर पकडला तर एकाऐवजी दोन गुण, म्हणजे सुपर टॅकल. मराठी वर्तमानपत्रे त्याला अव्वल पकड म्हणतात. तीनच गडी उरलेत, लोण चढायला आले आहे, आणि नेमक्या त्याच वेळी पकडीचे मोल दुप्पट होते. कितीतरी सामने इथेच उलटतात. तुमचा मुलगा कधी त्या तिघांत उभा राहिला असेल तर मी काय म्हणतो ते त्याला लगेच कळेल.

आता गुणतक्त्याचे. तिथे मुलाचे मन मोडते हे मी समजू शकतो. परदीप नरवालने २०१७च्या एका मोसमात चढाईचे ३६९ गुण मिळवले. त्याच वर्षी हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका सामन्यात ३४. उलट बाजूला, एका मोसमात पकडीचे १०० गुण पहिल्यांदा केले ते २०१८च्या मोसमात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने. ३६९ आणि १०० शेजारी ठेवले की पकड फिकी वाटते. पण एका चढाईत रेडर तीन-चार गडी टिपू शकतो आणि एका पकडीत सापडतो एकच गडी, म्हणून हे आकडे एका मापाचे नाहीत. तो एक गडी बहुधा समोरच्या संघाचा हुकमी रेडर असतो. तो बाहेर बसला की त्याच्या संघाच्या पुढच्या चढाया दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या रेडरकडून होतात, आणि आपला बाद झालेला एक गडी आत येतो. बाकावर बसलेल्या रेडरने न मिळवलेले गुण कोणत्याच तक्त्यात लिहिले जात नाहीत.

गडी परत जिवंत होण्याच्या या नियमाबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते. जुन्या काळी आपल्या देशात कबड्डीचे तीन प्रकार चालत : संजीवनी, गामिनी आणि अमर. अमरमध्ये बाद झालेला मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजत. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत समोरचा एक बाद केला की आपला एक आत. आजचा खेळ संजीवनीच्या वाटेने वाढला, आणि त्यामुळे पकडीला जे वजन मिळाले ते नंतरच्या एकाही नियमाने काढून घेतलेले नाही.

तुमच्या भाच्याचे म्हणणेही खरे आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक जण चेंडू लांब फेकतो आणि पळत गेलेला साथीदार तो झेलतो. १९७०च्या दशकात बचाव करणारे त्या पळणाऱ्याला वाटेतच धक्के मारत, रेटत, अडवत. पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट यात इतका तरबेज होता की पुढे जो नियम आला तो लोक त्याच्याच नावाने ओळखतात. १९७७ च्या मोसमात एका संघाचे सामन्यामागे सरासरी गुण जेमतेम १७ वर आले होते. १९७८ पासून ठरले की पहिल्या पाच यार्डांपुढे, म्हणजे साधारण साडेचार मीटरपुढे, चेंडू फेकला जाईपर्यंत पळणाऱ्याला हात लावायचा नाही. त्याच वर्षी चेंडू फेकणाऱ्याची राखण करणाऱ्यांना हात पसरून, पंजे उघडून अडवण्याची मुभा मिळाली. म्हणजे एका बाजूचे हात बांधले आणि दुसरीचे सोडले. गुण वाढले, फेक वाढली.

पुढे काय झाले ते पाहा. ज्यांना वेसण घालायला नियम केला त्या स्टीलर्सनीच १९७८ आणि १९७९ या दोन्ही मोसमांचे अजिंक्यपद जिंकले. स्वतः ब्लाउंट १९८३ पर्यंत खेळत राहिला. बचाव करणारे माणसाऐवजी जागा राखायला शिकले. जवळचे छोटे अंतर मुद्दाम देऊन टाकायचे आणि लांबची फेक बंद करायची, असा डाव रूढ झाला. धिप्पाड गड्यांपेक्षा चपळ, वेगाने वळणाऱ्यांना मागणी आली. २०१३ च्या मोसमात डेन्व्हरच्या संघाने १६ सामन्यांत ६०६ गुण करून विक्रम केला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अंतिम सामन्यात सिएटलच्या बचावाने त्याच संघाला ४३-८ असे हरवले. त्या दिवशी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो माल्कम स्मिथ, बचावफळीतला.

तरीही कबड्डीत आणि त्या खेळात मला एक फरक दिसतो. त्यांनी बचावाकडून काढून घेतले आणि बदल्यात काही दिले नाही. बचाव टिकला तो हुशारीवर. आपल्याकडे चढाईला दिले तेव्हा पकडीलाही दिले. म्हणून कबड्डीतला समतोल मला अधिक न्याय्य वाटतो.

आता डाव्या कोपऱ्याचे. प्रो कबड्डीत पकडीचे सर्वाधिक गुण ज्याच्या नावावर आहेत तो इराणचा फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यावर खेळतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असे हरवले, तेव्हा तो त्या संघात होता. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आली तेव्हापासून सुवर्णपदक आपल्याकडेच होते, आणि ते पहिल्यांदा सुटले ते आपल्या चढाईला १८ गुणांवर रोखणाऱ्या बचावापुढे. त्याच देशाचा मोहम्मदरेझा शादलूई हाही डाव्या कोपऱ्याचा. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटनने त्याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. त्या मोसमात त्याने पकडीचे ९९ गुण केले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटनने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामना जिंकला, तो २८-२५ असा. पुढच्या मोसमात शादलूई हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि विजेतेपदही तिकडे गेले, ३२-२३ ने. गुणांचा पाऊस पडावा म्हणून नियम केले, आणि लागोपाठ दोन अंतिम सामने अशा कमी गुणांत सुटले. मुलाला हे आकडे वहीत लिहून ठेवायला सांगा.

एका गोष्टीची मात्र खंत आहे, ती लपवत नाही. घड्याळ आल्यावर दमाची कसोटी मागे पडली. पूर्वी चढाई एका दमाची असे. रेडरचा सूर कुठे तुटतो ते पंच कानाने टिपत, आणि बचाव करणारे त्याला नुसते फिरवत ठेवून त्याचा दम संपवत. अंगाला हात न लावता केलेली ती पकडच होती. आज ‘कबड्डी कबड्डी’ म्हणावे लागतेच, पण ३० सेकंद दमापेक्षा आधी संपतात. बचावाची ही एक जुनी विद्या नियमाने खरोखर पुसली, आणि तिच्या जागी तेवढे देखणे काही आलेले नाही.

नियम अर्धवट माहीत असला तर बचावाचे किती नुकसान होते, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला दिसले. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत आणि इराण २८-२८, जेमतेम मिनिटभर बाकी. पवन सेहरावत तिसऱ्या चढाईवर होता. कोणालाही स्पर्श न होता तो लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्यामागे इराणचे चार गडी लॉबीत शिरले. जुन्या नियमाने ते चौघेही बाद. नव्या नियमाने रेडर लॉबीत गेला तिथेच खेळ थांबतो आणि बाद फक्त तोच. कोणता नियम धरायचा यावर तासभर सामना अडला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि आपण ३३-२९ ने जिंकलो. सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला. पण त्या चौघांच्या जागी माझ्या शाळेची पोरे असती तर मी त्यांना एकच विचारले असते : स्पर्श झाला नव्हता, मग तुम्ही लॉबीत पाय का टाकलात?

मुलाला चढाई शिकायची असेल तर जरूर शिकू द्या, पण कोपरा सोडून नव्हे. रेडरचे पाय कसे पडतात हे स्वतः चढाई केल्याशिवाय उमगत नाही आणि त्याचा फायदा पकडीलाच होतो. सरावाला रोज काही वेळ फक्त तिसऱ्या चढाईचा ठेवा : एकाने मोठ्याने सेकंद मोजावे, रेडरने विसाव्या सेकंदानंतरच आत यावे, आणि कोपऱ्याने तोवर जागा सोडू नये. नंतर तीनच गडी ठेवून तोच सराव. मातीच्या मैदानावर हे सगळे होते, मॅट नसली तरी अडत नाही.

आणि एक काम तुमचे. तालुक्याला किंवा जिल्ह्याला स्पर्धेसाठी मुले घेऊन जाल तेव्हा सामना सुरू होण्यापूर्वी पंचांना तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या : तिसऱ्या चढाईचा नियम लागू आहे का, सुपर टॅकलला दोन गुण आहेत का, आणि स्पर्श न होता रेडर लॉबीत गेला तर कोण बाद. उत्तरे कर्णधाराला सांगा, आणि त्याच्याआधी डाव्या कोपऱ्याला.